मागच्या खोलीतला कार्यक्रम

सोमवार, ४ मार्च

एप्रिलच्या कार्यक्रमांची यादी आजच हवी — मार्व्हाचे सकाळपासून दोन फोन. साप्ताहिक तिचं, घाई तिची, आणि राबायचं मी! एकवीस वर्षं झाली काउंटीच्या शेतकी कार्यालयातल्या या खुर्चीत. रजया शिवणं, सफरचंदांची छाटणी, नव्या शिकाऱ्यांसाठी बंदुकीचे नियम, तणनाशक फवारणीचा परवाना, रक्तदाब तपासणी (डोनट मिळतील). टाइप करायचं, पोस्टाच्या फळ्यावर चिकटवायचं, हॉल उघडायचा, खुर्च्या मांडायच्या, कॉफी ठेवायची. आणि सगळं पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारणारच, “अगं अर्लिस, ते छाटणीचं कधी आहे?”

फेब्रुवारीत ‘घरातल्या माणसाची स्मृती जाऊ लागली तर’ ठेवलं होतं. दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदाही एक माणूस नाही! कॉलीन नावाची नर्स बिलिंग्जहून एकशे चाळीस मैल बर्फातून आली होती. मांडलेल्या वीस खुर्च्यांकडे बघत बसली बिचारी. मीही एका खुर्चीवर बसले नाही. कॉफी गरम आहे ना, हेच बघत फिरले.

इथं तरी खरं लिहिते. तो कार्यक्रम मी काउंटीसाठी ठेवला नव्हता. नवऱ्यासाठी, वेंडेलसाठी ठेवला होता — म्हणजे माझ्यासाठी. गेल्या उन्हाळ्यातल्या गवत कापणीपासून त्याचं काहीतरी बिनसलंय. जनावरांच्या डॉक्टरकडे औषध आणायला गेला आणि चाळीस मैल जाऊन रिकाम्या हातानं परत आला. “कशाला गेलो होतो गं?” असं हसत हसत म्हणाला. मीही हसले. हल्ली सगळं खिशातल्या वहीत लिहून ठेवतो, कारण विचारलं तर नव्या चष्म्याला नावं ठेवतो. कुणाला बोलले नाही. त्याला तर नाहीच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्याच्यापासून लपवलेली ही पहिलीच गोष्ट.

मंगळवार, ५ मार्च

यादी दिली. छाटणीवाला आजारी. कंटाळा आला.

शुक्रवार, ८ मार्च

पोस्टात मैत्रीण ग्लेडा भेटली. सहज विचारल्यासारखं विचारलं, फेब्रुवारीत कुणीच कसं आलं नाही गं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी कालच या गावात राहायला आले आहे.

“हॉलसमोर गाडी लावायची म्हणजे अख्ख्या काउंटीला सांगायचं! कुणाचा पिकअप कुठला ते शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मागे कुत्रा बसलेला असला तर आंधळ्यालाही.”

खरंच की. नवराबायकोंच्या भांडणांवर समुपदेशन ठेवलं होतं तेव्हा एकच गाडी आली होती. संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या दारात चीज घातलेल्या नूडल्सची पाच भांडी! घटस्फोट होणार असं धरूनच लोकांनी स्वयंपाक केला. ती फक्त पत्ता विचारायला थांबली होती.

मी एकवीस वर्षं खुर्च्या मोजत बसले. गाड्यांचा विचारच केला नाही.

बुधवार, १३ मार्च

वासरांचे दिवस. वेंडेल पहाटेपासून गोठ्यात. आज एक आडवं आलेलं वासरू त्यानं असं फिरवून काढलं की बघत राहावं — हात काहीच विसरलेले नाहीत. मग वासराला पुसत पुसत मला म्हणाला, “व्हर्ना, ती बाटली दे.”

व्हर्ना त्याची बहीण. जाऊन नऊ वर्षं झाली.

बाटली दिली. दुसरं काय करणार होते?

शुक्रवार, १५ मार्च

सुचलं! भांडी घासताना सुचलं.

दर वसंतात, भाज्या बरण्यांत टिकवायच्या मोठ्या कुकरचे दाबाचे काटे तपासून देतो. काटा चुकीचा दाब दाखवत असेल तर घेवडा बरणीत विषारी होऊन अख्खं घर झोपवील, म्हणून बायका झक मारत येतात. कुकर घेऊन हॉलसमोर गाडी लावली तर कुणी भुवई उंचावत नाही. मग त्याच दिवशी, त्याच वेळी, मागच्या खोलीत कॉलीन! काटा तपासेपर्यंत कोण कुठल्या दारातून आत गेलं ते बाहेरून कुणाला दिसणार?

कॉलीनला फोन केला. गोड बोलली, पण स्पष्ट बोलली. “अर्लिस, तिसऱ्यांदा येते. या वेळी कुणी आलं नाही तर मला तुमच्याकडे पाठवणार नाहीत. दुसऱ्या दोन काउंट्या वाट बघतायत.”

गुरुवार, ११ एप्रिल, दुपारी दोन. मार्व्हाकडे जाऊन, दिलेल्या यादीच्या कोपऱ्यात भर घातली — ‘कुकरच्या काट्यांची तपासणी. मागच्या खोलीत नर्स कॉलीन भेटेल.’ एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मला आत जाता येईल का, ते अजून ठरत नाही. काट्यांच्या टेबलाशी माणूस लागतोच ना.

शुक्रवार, २२ मार्च

आमच्या गाई रस्त्यावर! फाटक वेंडेलनं उघडं टाकलं होतं. शेजारच्या ड्वेननं सगळ्या हाकून आणल्या.

ड्वेन म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. मागं एकदा आमचा एकच खोंड सुटला होता, तर वर्षभर वेंडेलला “तुझ्या खोंडाला शहर बघायचं होतं काय रे?” म्हणून पिडलं. आज अकरा गाई! मी टोमण्यांची वाट बघत उभी. त्यानं टोपी काढली. “फाटक मी लावलंय वेंडेल. काळजी करू नकोस.” आणि गेला.

थट्टा केली नाही. म्हणजे त्याला माहीत आहे. ड्वेनला माहीत म्हणजे सगळ्यांनाच. मी एकटीच दार लावून बसले होते, आणि भिंतींना खिडक्या होत्या. गोठ्यामागं जाऊन रडले. बरं वाटलं नाही.

गुरुवार, २८ मार्च

मार्व्हा! या बाईचं काय करू?

पेपर आला. पहिल्या पानावर, जाड चौकटीत, एवढ्या मोठ्या अक्षरात — ‘घरात कुणी विसरू लागलंय? कुकर घेऊन या!’

फोन केला तर खूश! “अगं, तू कोपऱ्यात इतकं बारीक लिहिलं होतंस, कुणाच्या नजरेसही पडलं नसतं. कॉलीनला विचारलं, तिनं सगळं नीट सांगितलं. इतकं चांगलं काम, ते लपवायचं कशाला? आभार मानू नकोस.”

आभार! मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. तिचा हेतू वाईट नव्हता, म्हणून तर भांडताही येत नाही.

वेंडेल दर गुरुवारी हातात पेन्सिल घेऊन पेपर वाचतो. जनावरांचे भाव, मग मृत्यूच्या बातम्या, मग माझी यादी — “बघू माझ्या बायकोनं गावाला काय कामाला लावलंय.” आज विचारलं, “पेपर कुठाय?” म्हटलं, आलाच नाही. त्यानं नुसतं “बरं” म्हटलं. ऑफिसच्या कपाटात, बियाणांच्या पाकिटांखाली ठेवलाय. माझं वय सहासष्ट, आणि पेपर लपवतेय!

मंगळवार, २ एप्रिल

ग्लेडा ऑफिसात. “माझ्या कुकरचा काटा खरंच बिघडलाय गं. पण आता कशी आणू? लोक म्हणतील, हिच्या नवऱ्याचं, बर्टचं डोकं गेलं.”

“बर्टचं डोकं ठणठणीत आहे.”

“ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. पण कुकर दिसला की संपलं!”

मग दाराशी थांबली, हातमोजे घालत. “वेंडेल कसाय?” असं, माझ्याकडे न बघता. म्हटलं, मजेत. ती म्हणाली, “हां. मजेत असेलच.” आणि पुन्हा आत येऊन मला मिठी मारून गेली. ग्लेडा! जी स्वतःच्या पोरीलाही लग्नात मिठी मारताना अवघडली होती.

शुक्रवार, ५ एप्रिल

रक्तदाब तपासणीला सव्वीस जण. डोनट संपले.

शनिवार, ६ एप्रिल

सोफी आली होती, आमची थोरली. जेवताना वेंडेलनं तिला तीनदा विचारलं, रस्ता कसा होता. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बटाटे वाढले.

जाताना गाडीशी म्हणाली, “आई, बाबांना दाखवलंस कुठं?” मी म्हटलं, झोप कमी पडते त्यांची, वासरांचे दिवस आहेत. तिनं गाडीचं दार लावलं. माझ्यावरच गेलीय, पुढं विचारत नाही. आमच्या घरात न विचारण्यालाच माया म्हणतात. इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

तो गेला तर मी राहीन. शेत सोडावं लागलं तरी राहीन. पण समोर बसून मला ओळखेनासा झाला तर? तेवढ्याचीच भीती आहे. बाकी कशाची नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

काटे तपासायचं यंत्र पुसून ठेवलं. आतापर्यंत एकही नाव नाही. दर वर्षी या दिवसापर्यंत तीस तरी असतात. मार्व्हाचा फोन — “गर्दी होणार ना? मी कॅमेरा घेऊन येऊ?” देवा! म्हटलं, पाय ठेवलास तर तुझी वर्गणी बंद करीन. तिला हसूच आलं.

बुधवार, १० एप्रिल

सकाळी कॉलीनला फोन केला. म्हटलं, नका येऊ, कुणी येणार नाही, चूक माझीच. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अर्लिस, तुमच्या घरी कोण आहे?”

असंच विचारलं. सरळ.

मी म्हटलं, काउंटीत बऱ्याच घरांत आहे.

“मी तुमच्या घराचं विचारलं.”

मी फोन कानाला धरून उभी. बाहेर कुणीतरी छाटणीची तारीख विचारायला आलं होतं, त्याला हातानंच थांब म्हटलं. शेवटी म्हटलं, माझा नवरा. एवढेच दोन शब्द, आणि खुर्ची ओढून बसले. कॉलीन म्हणाली, “मग मी येणार. तुम्ही एकट्या आलात तरी पुरे. त्यांना आणता येईल का?”

नाही, म्हटलं. त्याला यातलं काही माहीत नाही. त्याला कळलं तर तो खचेल.

घरी आले तर वेंडेल कुंपणाच्या तारा ओढत होता, शीळ घालत. “उद्या काय कार्यक्रम गं?” म्हटलं, कुकर. “अच्छा,” म्हणाला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. किती निश्चिंत दिसत होता! हे मोडायचं कसं माझ्या हातानं? ठरवलं — उद्या कॉलीनला सगळं विचारून घेईन, पण त्याला काही सांगणार नाही. जमेल तितके दिवस मीच ओढीन.

गुरुवार, ११ एप्रिल

सव्वादोनपर्यंत कुणी नाही. मग एक गाडी, दाराला अगदी लागून — आमची. मला वाटलं, माझ्याकडे काही काम असेल. वेंडेलनं टोपी काढली, खिशातून मी लपवलेल्या त्याच पेपरचं पहिलं पान डोकावत होतं; काट्यांच्या टेबलापाशी मला मान हलवली आणि सरळ मागच्या खोलीत गेला. दार लावलं. ती भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी.

“मला मागच्या उन्हाळ्यापासून कळतंय,” तो कॉलीनला म्हणाला. “माझं सोडा. बायकोला अजून काही माहीत नाही. तिला कसं सांगायचं, तेवढं विचारायला आलोय.”

मी उठले आणि दार वाजवलं.