सोमवारी वाघाला जेवण देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सालईकुंड वन्यप्राणी वाहन-सफारी उद्यान,
जि. वर्धा

अर्जदार: दुर्गेश जंगलू मडावी, रा. पिपरी मेघे, ता. जि. वर्धा

विषय: उद्यानातील ‘सम्राट’ या वाघाचा सोमवारचा उपवास बंद करणेबाबत.

संदर्भ: १) आमच्या कुटुंबाची गेल्या जानेवारीतील उद्यानभेट. २) माझ्या आईचे तोंडी म्हणणे.

महोदय,

१. मी बोरगाव मेघे येथे झेरॉक्सचे दुकान चालवतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. अर्जात मुद्द्याचे तेवढेच लिहावे, घरचे रडगाणे गाऊ नये, असे मी गिऱ्हाइकांना नेहमी बजावतो. आज स्वतःवर वेळ आली तर मलाच ते जमत नाही. अर्ज लांबला आहे, तो आपण बसून वाचावा.

२. माझा मोठा भाऊ नागेश गेल्या वर्षी चैत्रात मोहफुले वेचायला जंगलात गेला असता वाघाने त्याला मारले. शोधाशोध करून जे मिळाले ते एका दुपट्ट्यात मावले. आमच्या घरी माणसाला माती देतात, त्याप्रमाणे माती दिली. त्याआधी आई बायजाबाई हिने ते गाठोडे दोन्ही हातांवर तोलून पाहिले. तिचे शब्द जसेच्या तसे देतो: “माहा नागेश एवढाच नाई. बाकीचा कोठी हाये?” पुढे तो वाघ पकडला गेला आणि आपल्या उद्यानात आला. आपण त्याचे नाव सम्राट ठेवले. नावाबद्दल आमची तक्रार नाही. नुकसानभरपाई मिळाली, तिच्याबद्दलही नाही.

३. वाघ जिवंत असून सालईकुंडला ठेवला आहे हे कळल्यावर आई म्हणाली, “म्हंजे बाकीचा नागेश तेथी हाये.” तिने भेटीचा हट्टच धरला. शेजारच्या भैय्याजींची ओम्नी मागून मी, आई, रुपावहिनी आणि नागेशची मुलगी रक्षा असे चौघे आलो. आईने चुलीवर कोंबडीचा रस्सा केला होता, नागेशला आवडायचा तसा झणझणीत. फाटकावरील आपले कर्मचारी नत्थूजी यांनी डबा काढून घेतला. नियम आहे. बाकीचे नियमही आम्ही पाळले. काचा वर, हॉर्न बंद, गाडी थांबवायची नाही.

४. वाघ सालईच्या झाडाखाली झोपला होता. पोट वरखाली होत होते. आईने काचेला तळहात लावला आणि गाडी थांबव म्हणाली. मागच्या गाडीवाल्याने लाइट मारायला सुरुवात केली, म्हणून मला पुढे जाणे भाग पडले. आई म्हणाली, “निजला हाये. नोको उठवू.” रक्षाने विचारले, “बाबा याच्यातच हाये का?” आई हो म्हणाली. रुपावहिनी सबंध वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होती. कोणी रडले नाही. परत येताना जाम गावच्या फाट्यावर थांबून चहा घेतला. चहा बरा होता. मला त्या वाघाचा राग यायला हवा होता, लोकही तसे म्हणतात. येत नाही. दुसरेही काही येत नाही. सकाळी दुकान उघडतो आणि संध्याकाळी बंद करतो.

५. खरी अडचण निघताना झाली. डबा परत देताना नत्थूजी आईची समजूत घालू लागले: “आजी, नाराज नोको होऊ. त्याले मस्त खायले भेटते. फक्त सोमवारी उद्यान बंद, अन् त्याचाबी उपास असते.” ते चांगल्या मनाने बोलले, त्यांच्यावर कारवाई करू नये. पण आईने विचारले, “माह्या लेकराले काऊन उपाशी ठेवून राह्यले?” आणि त्या आठवड्यापासून तिने सोमवारी अन्नाला शिवणे सोडले. पिंजऱ्यातल्या वाघाचे पोट साफ राहावे, अंगावर चरबी चढू नये म्हणून हा उपवास असतो हे मी मोबाइलवर वाचले. मला पटले. आईला वाचून दाखवले तर म्हणाली, “नागेश कधी जाडा झालता का?”

६. आईला शुगर आहे. गोळी उपाशीपोटी घेता येत नाही, आणि सोमवारी गोळीच्या आधी ती काही खात नाही, नंतरही खात नाही. दोन वेळा नळावर चक्कर येऊन पडली. दुसऱ्या वेळी डोके फुटले. अशीच राहिली तर म्हातारी जाईल, असे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले. श्रावण लागल्यापासून शेजारच्या छायाताई दर सोमवारी साबुदाण्याची उसळ पाठवतात. आई ताटली झाकून परत पाठवते: “माहा उपास देवाचा नाई.” छायाताईंना वाटते की आमचा काही दुरावा आहे.

७. करिता विनंती की, सम्राट यास सोमवारी काहीतरी खायला द्यावे. पोटभर नको, काळजाचा एक तुकडा चालेल. नियमात बसत नसल्यास, उद्यानात आणखी दोन वाघ आहेत आणि त्यांनी आमच्या माहितीप्रमाणे कोणाला मारलेले नाही. सम्राटच्या वाटचा उपवास त्यांच्याकडे वळवता येईल का, याचा विचार व्हावा. तेही शक्य नसल्यास, सोमवारी जेवण दिले जाते असे एक पत्र द्यावे. मी आईला तसे तोंडी सांगून पाहिले. तिने कागद मागितला. आमच्या घरी नागेश गेल्याचे कागदावर आले, वाघ पकडल्याचे कागदावर आले, आणि दोन्ही खरे निघाले. म्हणून तिचा शिक्क्यावर भरवसा आहे, माझ्यावर नाही. खोटे लिहिणे आपल्याला जड जात असेल तर काहीच लिहू नये. कोरा कागद जोडला आहे, त्यावर नुसता शिक्का मारून पाठवावा. आईला वाचता येत नाही, पुढचे मी वाचून दाखवीन.

८. उपवास ही त्या वाघाला नागेशबद्दल दिलेली शिक्षा आहे काय, असेही आईने विचारायला सांगितले आहे. तसे असल्यास ही शिक्षा माफ करावी. मयताची आई आणि पत्नी यांची त्यास हरकत नाही. आईचा अंगठा आणि रुपावहिनीची सही असलेले संमतीपत्र जोडले आहे. सही करायला वहिनीला दोन दिवस लागले, पण तिने केली.

९. इतके दिवस ही गोष्ट आईपुरती होती, म्हणून मी कोणाला अर्ज केला नाही. काल रक्षाच्या शाळेतून बाईंचा फोन आला. रक्षा दुसरीत आहे. सोमवारी ती शाळेतली खिचडी घेत नाही, ताट पुढे केले की हात मागे घेते. बाईंनी जवळ घेऊन कारण विचारले तेव्हा म्हणाली, “आज माह्या बाबाले देत नाई.” बाई या शाळेत नव्या आहेत. त्यांनी मला विचारले, तिचे वडील कुठे असतात? मी म्हणालो, सालईकुंडला.

पुढच्या सोमवारच्या आत उत्तर मिळावे.

आपल्या उत्तरावर अवलंबून असलेला, नम्र
(सही)
दुर्गेश जंगलू मडावी

वर्धा
मंगळवार, दि. ५ ऑगस्ट २०२५