खळ्यावरची चौथी

२७ जून
शाळा उघडली. नातीला, गुड्डीला, सोडायला गेले. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी व्हरांड्यात आणि गुड्डीची चौथी आमच्या खळ्यावर, कडुलिंबाखाली. खळं माझ्या माहेरचं, शाळेच्या भिंतीला लागून. नामा, माझा धाकटा भाऊ, बसू देतो म्हणून चौथीला बूड टेकायला जागा. मलकापूर रोडला कॉलन्या झाल्या, कापसाच्या जिनिंगवर कामाला बाहेरची माणसं आली, त्यांची लेकरं इथंच. भाकर एक, तोंडं दहा. तिकडं आडगावात म्हणे शाळेला पोरंच नाहीत. देवाचं वाटपही असंच.
पाय दुखतात.

११ जुलै
पाऊस आला की चौथी पळते व्हरांड्यात. तिसरीच्या मांडीवर चौथी. गुड्डी आज पाठीवर पायाचा ठसा घेऊन आली. "आजी, मी खाली होती, तो वरून गेला." हसावं की रडावं.
मोठे गुरुजी भेटले. दोन खोल्या मंजूर आहेत. "जागा दाखवा म्हन्तात, आजी. कुठून दाखवू, खिशातून?" त्यांना चहा पाजला. दुसरं काय पाजणार मी.

२२ ऑगस्ट, पोळा
नामाकडे जेवण. बैल कधीच गेले, मातीचे पुजले. पान लावता लावता नामा म्हणाला, "ताई, एक सही लागते. हक्कसोडची." शेताचा ले-आउट पाडून प्लॉट विकायचे आहेत. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं, ते निघाल्याशिवाय घेणारा पुढे येत नाही.
"अन् खळं?"
"खळ्यासकट. त्याच्याबिगर रस्त्याले तोंड कुठं हाये?"
भावजय म्हणाली, "बहिणी सोडतातच नं हक्क. माहेर तर राह्यते." ती वाईट नाही. माझ्या नणंदांनीही सोडलाच की.
पुरण गोड होतं. दुसरी पोळी घेतली नाही.

२४ ऑगस्ट
बाबांनी मला शाळेत घातलं नाही. मळणीला बैल हाकायची मी, त्याच खळ्यावर, गोल गोल. भिंतीपलीकडे पोरं पाढे म्हणायची, इकडे मी बैलांना ऐकवायची. बाबांना वाटे, पोरगी गाणं म्हणते. अक्षरं फार पुढं शिकले, मुलाच्या अंकलिपीतून.
सहीचं अजून काही ठरवलं नाही.

४ सप्टें.
नामा नकाशा घेऊन आला. "पाहा ताई, शाळेले जागा सोडली. हे हिरवं."
चष्मा लावून पाहिलं. हिरवं म्हणजे नाल्याकडचा कोपरा.
"नामा, तिथं आपली म्हैस रुतली होती."
"आता भर टाकतात नं."
"कोन टाकते?"
त्यानं नकाशाची घडी घातली. तो खोटं बोलत नाही. त्याला जे सांगितलं तेच तो मला सांगतो. त्याच्या पोराला बसस्टँडजवळ दुकान टाकायचंय, शेतीत जीव लागत नाही त्याचा. कोणाचं चूक म्हणू?

१९ सप्टें.
सांगून टाकलं. बाकी सगळ्यावर सही करते, खळं तेवढं माझ्या हिश्श्याला दे. शाळेच्या नावानं करून देईन.
नामा उभाच होता. "काऊन, ताई? आमी तुले कधी कमी केलं?"
"नाही बा."
"मंग वाटा मांगून राह्यली तू?"
पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला. निघाला. चप्पल घालताना भिंतीला हात टेकला. त्याचेही गुडघे गेले.

६ ऑक्टो.
दसऱ्याला नामा सोनं द्यायला आला नाही. जन्मात पहिल्यांदा.
सोयाबीन निघालं. खळ्यावर गंजी, चौथी परत व्हरांड्यात. दरवर्षीचंच आहे हे. यंदा नामानं गंजी लवकर घातली की मलाच तसं वाटतं? मनात विंचू शिरला की काठीही साप दिसते.
गुरुजी घरी आले. "राहू द्या आजी, आमच्यापायी भावा-बहिणीत..."
म्हटलं, "गुरुजी, तुम्ही पाढे घ्या. मोठ्यानं घ्या."

२३ ऑक्टो., भाऊबीज
सकाळीच पाट मांडला. दुपार गेली. सून हळूच म्हणाली, "आई, चंद्राले ओवाळून घ्या." ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात. म्हटलं, "अजून उजेड हाये."
दिवेलागणीला नामा आला. एकटाच. पाटावर बसला, टोपी नीट केली. ओवाळलं. त्यानं साडी ताटात ठेवली. दोन करंज्या खाल्ल्या, तिसरी गुड्डीला दिली.
दारात थांबला. "सोमवारी मोजणीवाले येतात. तू ये."
"मी कशाले?"
"बांधाच्या जुन्या खुना तुले माहीत. बाबा तुलेच संगं नेत."
"खळ्याचा दगड कोन्या बाजूनं रोवनार, नामा? खळं शाळेकडं का प्लॉटांत?"
चपला पायात सरकवल्या त्यानं. बराच वेळ सरकवल्या. "तू ये तर खरं."
साडी तशीच ताटात आहे, घडी मोडली नाही.
गुडघ्यांना तेल लावून घेते. सोमवारची वाट ढेकळांची आहे.