बाकी दहा

बाई, तुम्ही फळ्यावर ओळीने सात एक लिहिलेत आणि विचारलंत, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा ही मूळ संख्या आहे का? आपल्या पोलादपूरच्या वर्गात कॅल्क्युलेटर कुणाकडे नव्हता. एक हजार चोपन्नपर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग गेला नाही तर पुढे बघायला नको, असं तुम्ही समजावलंत, कारण त्यापुढच्या आकड्याचा वर्गच हिच्याहून मोठा. आम्ही तीस जण, प्रत्येकाला सहा भागाकार. कागदावर नाव, भाजक, बाकी. माझ्या सहांत दोनशे एकोणचाळीस होता. त्याने बरोब्बर भाग गेला, चार हजार सहाशे एकोणपन्नास वेळा. बाकी शून्य.

मी पुन्हा केला, तरी शून्यच. पण गणितात मी यथातथाच, आणि आदल्याच आठवड्यात तुम्ही माझी वही वर धरून गिचमिड वर्गाला दाखवली होती. शेजारची म्हणाली, "सगल्यांची बाकी उरली, तुझीच कशी नाय उरली गो? चुकली असशील." मला ते लगेच पटलं. शून्याच्या आधी एक काढला, बाकी दहा झाली.

महाडच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही हौसेने तक्ता लावलात, ही मूळ संख्या आहे म्हणून. परीक्षकांनी कॅल्क्युलेटरवर भागून दाखवलं आणि सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर हसत म्हणाले, मुलांना तरी नीट शिकवा. तुमचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, मी ताळा करून बघायला हवा होता," एवढंच तुम्ही म्हणालात. मी दोन हातांच्या अंतरावर तक्त्याची सुटलेली टाचणी दाबत उभी होते. परतीच्या एसटीत तुम्ही ते तीस कागद चाळताय, एकावर थांबताय, माझ्याकडे बघताय, आणि कागद पिशवीत ठेवताय. ओरडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही वारलात तेव्हा तुमच्या घरी आले होते, पण अंगणातूनच परत फिरले.

आता मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या कागदांवर सह्या करते. परवा नव्या केमिस्ट मुलीचं रीडिंग आधीच्या तिघांपेक्षा वेगळं आलं. मी कागद न बघताच म्हटलं, चुकलं असेल, पुन्हा घे. तिने घेतलं, तेच आलं. मग मी, बाई, मी तिला म्हटलं की बाकीच्यांशी जुळवून टाक. ती म्हणाली, "मॅडम, जे आलंय तेच मी लिहिणार." तिचंच बरोबर निघालं, माल थांबवावा लागला. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. आधी राग आला, लाज मागाहून वाटली.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते निदान तिला तरी कळावं, म्हणून इथवर लिहिलेलं घेऊन आज कामावर गेले होते. जेवणाच्या सुट्टीत ती समोरच डबा उघडून बसली. मी पर्समध्ये हात घातला, कागद हाताला लागला. मग तिला विचारलं, लोणचं हवंय का?