दवबिंदूचं खरं ठिकाण

सर,

तुमचं कपाट मी उघडलं. चावी कुठंच सापडेना, तेव्हा शेवटी कुलूप तोडायला लावलं. विद्यापीठानं वनस्पतिशास्त्राच्या मुलांसाठी ऑनलाइन ग्रंथालय करायला घेतलंय. स्लाइड, वाळवलेली झाडं शिवून ठेवलेल्या हर्बेरियमच्या शीट, प्रॅक्टिकलचे व्हिडिओ, मराठी नोट्स, सगळं एका जागी, वणीतल्या एखाद्या मुलीला घरबसल्या मोबाइलवर उघडता येईल असं. आपल्या कॉलेजचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही असता तर ते तुमच्याकडे गेलं असतं, आणि तुम्ही त्यालाही कुलूपच लावलं असतं. रागानं लिहितेय, हे आधीच सांगते. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत मीच बोलले होते. त्यातलं निम्मं आज परत घ्यावंसं वाटतंय.

कपाटात डांबरगोळ्यांचा वास आणि शीटचे गठ्ठे. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात तुमचं वळणदार अक्षर: नाव, कूळ, ठिकाण, संकलक. संकलकासमोर सगळीकडे तुम्हीच. खालच्या कप्प्यात मात्र काही झाडं शीटवर न चढवता तशीच जुन्या वर्तमानपत्रांत दाबून राहिली होती, आणि त्या कागदांच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं अक्षर माझ्या बाबांचं होतं. तुमच्या लॅबचे शिपाई, माझे बाबा. एका कागदात दवबिंदू निघाला. किडे धरून खाणारं ते इवलंसं झाड; पुस्तकात सगळे वाचतात, प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नसतं. कडेला तारीख टाकून लिहिलं होतं, ‘दारव्हा रोड, तलावाच्या मांगं, वल्लं गवत.’ त्याच तारखेच्या दुसऱ्या रोपाची तुम्ही शीट केली होती. तिच्या लेबलावर ठिकाण: राळेगाव.

ही शीट मी विद्यार्थिनी असल्यापासून ओळखते. तुम्ही वर्षातून एकदा ती बाहेर काढायचा, लांबूनच दाखवायचा आणि परत आत ठेवायचा. इथंच शिकवायला लागल्यावर तिच्यावर विसंबून मी दोन पावसाळे मुलांना एसटीनं राळेगावला नेलं. दिवस दिवस चिखल तुडवला, सोयाबीनचे बांध पालथे घातले, काहीही मिळालं नाही. मग वर्गात उभी राहून मी सांगितलं की ही वनस्पती आपल्या भागातून नाहीशी झाली. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. खोटं होतं ते, सर, आणि मी ते शिकवलं.

कागद घेऊन घरी गेले. बाबा अंगणात बसले होते. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि लगेच म्हणाले, “हे किडे खाणारं हाय ना? राळेगावचं नाही हे. म्या सरायले सांगतलं होतं. ते म्हणे, सहल राळेगावले गेलती, तेच ल्याहा लागते.” मी विचारलं, तुम्ही तेव्हा जोरानं बोलला का नाहीत. ते म्हणाले, “बोललो ना. एकदा बोललो. शिपायानं दुसऱ्यांदा कसं बोलावं?” आणि कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला. त्यांना राग आलेला नव्हता. मला त्याचाही राग आला.

सेकंड इयरचं प्रॅक्टिकल मला अजून दिसतं. सूर्यफुलाच्या खोडाचा काप घ्यायचाय. तुमचे काप जाड येताहेत, मुलं एकमेकांकडे बघताहेत. तुम्ही बोटानं बाबांना बोलावता. ते ब्लेड घेतात, पाण्यात बुडवतात, आणि चार-पाच वेळा ब्लेड ओढताच असा काप उतरतो की वॉचग्लासमधल्या पाण्यात तो दिसतसुद्धा नाही. तुम्ही तो रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवता आणि म्हणता, असा काप घ्यायला मला दहा वर्षं लागली. माझ्या तोंडून निघून जातं, “बाबांनी घेतला तो.” तुम्ही मला दाराबाहेर बोलावता. आवाज न चढवता सांगता, “इथं कुणी कुणाचे बाबा नसतात.” त्या दिवसापासून मी लॅबमध्ये माझ्या बापाला ‘अहो, जरा’ म्हणत आले. ते रोज सकाळी तुम्हाला जयभीम घालायचे, तुम्ही नुसती मान हलवायचा. आत्ताच वाटून राह्यलं, तुम्ही समोर असायला पाहिजे होता. काहून असं केलं, एवढंच विचारलं असतं.

तुम्ही माझं वाईट केलं नाहीत, हेही खरं आहे, आणि म्हणून जास्त अवघड जातं. एम.एस्सी.चा फॉर्म तुम्ही स्वतः भरलात. निघताना तुमचं पितळी भिंग माझ्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, झाडाशी खोटं बोलू नकोस. मी ते वाक्य इतकी वर्षं माझ्या मुलांना ऐकवत होते.

मी बाबांच्या हातांचा व्हिडिओ केला. ब्लेड पाण्यात बुडवलं आणि काप अजूनही तसाच पातळ उतरला. दवबिंदूच्या शीटच्या नोंदीत ठिकाण दुरुस्त केलं आणि संकलक म्हणून बाबांचं नाव टाकलं. ग्रंथालयाच्या समितीनं दोन्ही परत पाठवलं. समितीचे प्रमुख तुमचेच विद्यार्थी. ते फोनवर म्हणाले, ठिकाण बदला, पण नाव सरांचंच राहू द्या. शिपायाचं नाव वाचून त्या शीटवर विश्वास कोण ठेवेल? व्हिडिओखाली ‘सहकार्य’ असं बारीक अक्षरात चालेल म्हणाले. मी त्यांना कडेच्या नोंदीचा फोटो पाठवला आणि नोंद जशीच्या तशी पुन्हा चढवली. त्यांनी काढली. मी परत चढवली. मग या पावसाळ्यात मुलांना घेऊन दारव्हा रोडला गेले, सोबत बाबाही आले. तलावाच्या मागे, ओल्या गवतात, तांबूस केसांवर चिकट थेंब घेऊन दवबिंदू उभा होता. एक मुलगी गुडघ्यावर बसून व्हिडिओ काढत होती आणि बाबा तिला सांगत होते, उपटू नको, पोरी, नुसतं पाह्य. तो व्हिडिओ समितीकडे गेल्यावर मात्र कुणाचा फोन आला नाही. नोंद आता तिथं आहे, बाबांच्या नावानं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. कारण कपाटाच्या वरच्या कप्प्यात आणखी एक गठ्ठा निघाला. माझं बी.एस्सी.चं हर्बेरियम. त्यातली सगळी झाडं बाबांनी आणली, त्यांनीच दाबली, त्यांनीच टाके घालून शिवली. मी फक्त लेबलं लिहिली. संकलकासमोर प्रत्येक शीटवर माझं नाव आहे. तुम्हाला ते माहीत होतं, तरी तुम्ही पैकीच्या पैकी गुण दिलेत. तो गठ्ठा मी अजून स्कॅन केलेला नाही.