सगळे रिपोर्ट नॉर्मल

९ जानेवारी
रक्ताचे रिपोर्ट आले. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन — सगळं ठीक. नवरा म्हणाला, "चला, सुटलो." मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. काहीतरी निघायला हवं होतं. काहीच नाही, मग मी नुसतीच आळशी?

१२ जानेवारी
पुन्हा कामावर खाडा. परवा आमच्या दातांच्या लॅबमध्ये एका आजोबांची कवळी करत होते, दात बसवता बसवता हात थांबले. मालक म्हणाले, "बाई, तंद्री लागली का?" तंद्री कसली! ते आजोबा जेवोत की न जेवोत, मला काही वाटेचना. अन्न नको. पहाटेच जाग. छातीत सारखी धडधड, आता कुणीतरी वाईट बातमी आणणार असल्यासारखी.

१५ जानेवारी
मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई. झोप, भूक, रडू, पूर्वी कधी अति उत्साह — सगळं विचारलं. मग त्याच आवाजात, "जगू नये असं वाटतं?" नवरा शेजारी. मी नाही म्हटलं. त्यांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. मान हलली — हो.
"काही ठरवलंय?"
नाही. हे खरं आहे.
"हे नैराश्य आहे, आळस नाही. गोळ्या आणि समुपदेशन, दोन्ही करू. त्यांना सांगूया?" सांगितलं. तो येताना रस्ताभर गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता.

१९ जानेवारी
गोळीने मळमळ. धडधड वाढलीच. आई फोनवर — "एकदा लागल्या की सुटत नाहीत. मन घट्ट कर." ते जमलं असतं तर गेले असते का तिथे?

२१ जानेवारी
न राहवून डॉक्टरीणबाईंना फोन. "सुरुवातीला होतं असं. गुण यायला काही आठवडे जातात. मनाने बंद करू नका. जगणं नकोसं वाटलं तर लगेच कळवा." बंद केली नाही. भीती आहेच.

८ फेब्रुवारी
तसंच.

२४ फेब्रुवारी
अख्खी कवळी पुरी केली. मालकांनी फिरवून पाहिली, बोलले नाहीत — म्हणजे चांगली झाली. घरी येताना भूक लागली. चक्क भूक! उद्या जाईल की काय, ही धास्ती.

४ मार्च
भांडी विसळता विसळता नवरा म्हणाला, "तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे माझाही नंबर लावशील?"
मला चेष्टा वाटली.
"बरेच महिने झाले, मलाही झोप नाही. तू जरा सावरेपर्यंत थांबलो होतो."