मासे : निरंक

२ एप्रिल
सकाळी पाणीपातळीची पट्टी वाचली. तळ्याचं पाणी कालव्याच्या तोंडाखाली उतरलं. म्हणजे आजपासून कागदावर मृतसाठा. ह्या शब्दाचा मला पहिल्यापासून राग आहे. मरळ, कटला, सगळे मासे त्याच पाण्यात जगतात. नरसिंगमामाचं जाळंही तिथंच.

५ एप्रिल
सुमीचा लातूरहून फोन. होस्टेलला आठ दिवसांनी नळ. "पप्पा, क्लासला जाऊ का बादली घेऊन लायनीत उभी राहू?" सीईटी महिन्यावर आली. पोरगी रडवेली.

८ एप्रिल
पाटबंधारे खात्याचे साहेब जीपनं आले. तराफ्यावर पंप बसवून उरलंसुरलं पाणी लातूरला नेणार. म्हटलं, साहेब, खाली मासे आहेत, मच्छीमारांच्या पूर्ण वस्तीचं पोट आहे त्यावर. हसले. "चौकीदार तुम्हीच ना? तुमचाच तक्ता बघा." फाइल पुढे केली. मासे : निरंक. दर महिन्याला. माझं वळणदार अक्षर.
मासेच नाहीत तर नोटीस कुणाला द्यायची, म्हणे.


९ एप्रिल
चार्ज घेतला तेव्हा आधीचा चौकीदार म्हणाला होता, "त्या रकान्यात काई भरू नका. भरलं की चौकशी मागं लागती. निरंक लिवा न् मोकळे व्हा." झालो मोकळा. दरसाल मामा माझ्यादेखत तळ्यात माशांचं बीज सोडतो. त्याच्याच हातची मरळ खायची, हात धुवायचे आणि निरंक लिहायचं. अक्कल कुठं गेली होती कुणास ठाऊक.

१२ एप्रिल
खरं सांगावं तर इतक्या वर्षांचे तक्ते खोटे. नोकरी जाणार, सुमीचं शिक्षणही. गप्प बसावं तर मामा मेला. भूकंपाच्या सकाळी आमच्या गल्लीत पहिला पोचलेला माणूस हा, जाळ्याचे दोर घेऊन. तान्ह्या सुमीला मातीतून त्यानं काढलं. आणि आता पाणी कुणाला हवंय, तर सुमीला.
सुमीच्या आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "आधी पोरीची परीक्षा होऊ द्या." ती तरी दुसरं काय म्हणणार.

१५ एप्रिल
पंप आले. तराफे बांधणं चाललंय. मामा काठावर बसलेला. मला बघून हात वर केला. मी उगाच पट्टी निरखत राहिलो. स्वतःची लाज वाटते.

१७ एप्रिल
मामा घरी आला, कोरा कागद घेऊन.
"बापू, तुमचं अक्षर लई चांगलं हाय. सायबाला अर्ज लिवा. तळ्यात मासे हायत, समदं पानी उपसू नका, मासं जगंल येवढं ऱ्हाऊ द्या. आमचं कुनी ऐकंना झालंय."
लिहिला. त्यानं अंगठा उठवला. "उद्या हापिसात चाललाव न्हवं? तुमीच द्या."
त्याला निरंकचं ठाऊक नाही. सांगायला तोंड उघडलं, तर तोच विचारतो, "सुमीचा पेपर कवा हाय?"
राहिलं ते राहिलंच.

१८ एप्रिल
महिन्याचा तक्ता आजच द्यायचाय. माशांचा रकाना सोडून बाकी भरला. अर्ज खिशात. दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर शेजारी पडणार. ते विचारणारच, "अर्जाचं अक्षर तर तुमचं दिसतंय?"
हो म्हणायचं ठरवलंय. निदान ऑफिसला जायची बस येईपर्यंत तरी ठाम आहे.