पारीवरची माती

बोडीटोला, ४ जानेवारी २०२५

चि. ज्योत्सनाले मुरारीकाकाचा पोटभर आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही आधी ओरडतो अन् मंग बोलतो, म्हणून पत्र. तुझी तेलाची कंपनी ग्रामपंचायतीचा कर दहा वर्षं माफ मागून राहिली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तिच्याकडून तूच बोलणार, असं सरपंच रुखमिणीबाई सांगत होती. खरं काय बाई?

मागं तुझ्या साहेबानं माईकवर सांगतलं, तलावाच्या लोकाईले सबसिडीची सवय लागली. आमच्या जाळ्याले सरकारनं अर्धे पैसे देल्ले ते सबसिडी, अन् याईची माफी ते प्रोत्साहन? वारे वा! ट्रक त्याईचे, रस्ता आमचा. माफी झाली तर त्या रस्त्यासाठी आमची घरपट्टी वाढते. मी सभेत उभा राहून विचारीन, अन् तुलेच विचारीन. वेळेवर जेवतेस ना, काकू विचारते.

भांडलो तरी माया आहेच.
तुझा मुरारीकाका

तुमसर, ९ जानेवारी

तीर्थरूप काकांना ज्योत्सनाचा वाकून नमस्कार.

हो, मीच बोलणार आहे. जेवतेय, काकूंना सांगा.

काका, माफी म्हणजे सबसिडी नव्हे. सबसिडीत सरकार खिशातून पैसे काढून देतं. इथे कोणी कोणाच्या हातावर काही ठेवत नाही. घ्यायचं ते घेत नाही, इतकंच. शिवाय माझी नोकरी अजून कच्ची आहे. ठराव झाला की पक्की करू, असं साहेब म्हणाले. आईचं औषधपाणी याच पगारावर चालतं. भर सभेत माझ्याच काकांनी अडवलं तर मी तोंड कुठे लपवू? तुमच्या मुलासाठी, खुशालच्या नोकरीसाठीही साहेबांकडे शब्द टाकलाय. या वेळी गप्प राहा ना.

लेकीवर राग धरू नका.
ज्योत्सना

बोडीटोला, १४ जानेवारी

चि. ज्योत्सनाले आशीर्वाद, राग असला तरी.

खुशालले मधात आणायचं नव्हतं.

तलावाची पार, तो मातीचा बांध, आठवते ना? उन्हाळ्यात दर घरून एक माणूस पारीवर माती टाकते, तेव्हाच त्या घराले मासोळीत हिस्सा. तुझा बाप गेला तेव्हा तू कडेवर होतीस. तुझ्या मायजवळ पाठवायले माणूस नव्हता. गावानं तुमचं घर माफ केलं, हिस्सा चालू ठेवला. हातावर कोणी काही ठेवलं नाही. पण पार तर तेवढीच लांब होती! तुमच्या घरची माती कधी मंगरूनं टाकली, कधी सखाबाईनं, कधी म्या. तुझी माय दरवर्षी पारीवर चहा घेऊन येत होती, ते काहून? तिले समजत होतं, लोक आपल्याले देऊन राहिले.

आम्ही खुशीनं देल्लं. कंपनीलेही गाव देईन कदाचित. पण मागायचं तर गाव देऊन राहिलं असं म्हणून मागा. तू येऊ नका म्हणशीन तर मी सभेले येत नाही.

तुझाच,
मुरारीकाका

तुमसर, २१ जानेवारी

तीर्थरूप काकांना नमस्कार.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी चहात साखर जास्त घालायची, तेवढंच हाती होतं.

काल साहेबांना सांगितलं, मी बोलेन, पण ही सबसिडी आहे असं म्हणूनच मागेन. ते हसले. मग भाषणाचे कागद काढून घेतले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. मी फार घाबरलेय, काका. रडलेसुद्धा.

तुम्ही सभेला या आणि विचारायचं ते विचाराच. कंपनीतर्फे दुसरं कोणी उत्तर देईल. मी एस.टी.नं येतेय, तुमच्याजवळ बसेन. आणि उन्हाळ्यात एक टोपलं माझ्यासाठी ठेवा. यंदा आमच्या घरची माती मी टाकणार आहे.

माया होती तशीच असू द्या.
तुमची ज्योत्सना